शिवकन्याचं ध्यान

लातुरात मला कुणी तनुजा म्हणत नाही. दवाखान्यात मी ‘डायरीवाल्या मॅडम’. माहेर नांदेडचं, नर्सिंग तिथंच केलं, लग्न होऊन इकडं आले. दहा-बारा वर्षं वॉर्डात काढली आणि मग मेंदूच्या डॉक्टरांकडं, म्हणजे डॉ. बिरादारांकडं, औषधांच्या अभ्यासाचं काम लागलं. अभ्यास म्हणजे काय, तर एखाद्या कंपनीनं फिटवर नवीन गोळी काढलेली असते. ती बाजारात यायच्या आधी खरंच काम करते का, हे बघायचं असतं. अर्ध्या पेशंटना खरी गोळी, अर्ध्यांना अगदी तशीच दिसणारी खोटी. कुणाला कुठली, ते पेशंटला माहीत नाही, डॉक्टरांना नाही, मला तर नाहीच नाही. माझं काम डायरीचं. घरच्यांनी रोज लिहायचं, फिट आली का, किती वाजता आली, किती वेळ होती. आणि मी हात धुऊन त्यांच्या मागं लागायचं.

माणसं डायरी लिहीत नाहीत हो. एकीनं डायरीत शेवयांचं प्रमाण लिहून आणलं होतं. एकानं गाडीत बसून महिन्याभराचं एकाच पेनानं, एकाच अक्षरात भरून आणलं आणि वर मलाच विचारतो, ‘बरोबर जमलं का बघा.’ अशांवर मी तोंड सोडते. माझं तोंड वाईट आहे हे मला कुणी सांगायला नको, आमच्या घरात ते रोज सांगितलं जातं.

शिवकन्याची डायरी मात्र बघत राहावी अशी. चाकूर तालुक्यातल्या गावची ही बाई, वय तेहेतीस. पहिल्यांदा आली तेव्हा धाकटा भाऊ मन्मथ सोबत होता. अंगावर फिकी जांभळी साडी, डोक्यावर पदर, कपाळाला विभूतीचे पट्टे, गळ्यात इष्टलिंग. डाव्या भुवईवर टाक्यांची जुनी खूण आणि हाताला भाजल्याचे डाग. फिटच्या पेशंटचं अंग बघितलं की त्यांचं घर कळतं, कुठं दगडी पायरी आहे, कुठं चूल आहे. दहावीच्या परीक्षेत मराठीच्या पेपरला तिला पहिली फिट आली होती. पेपर राहिला, शाळा राहिली, लग्नाचा तर विषयच निघाला नाही. पण अक्षर तेवढं तसंच टिकलं होतं, गोल आणि सुटं सुटं. फिट आली की हिला काही कळायचं नाही, म्हणून तिची आव्वा, म्हणजे आई गुरम्मा, सांगायच्या आणि ही लिहायची.

सतरा वर्षं त्या घरात तिला काय काय बंद होतं, ते मन्मथनं मला बोटांवर मोजून सांगितलं. चुलीजवळ जायचं नाही. विहिरीवर जायचं नाही. गच्चीवर नाही, रस्त्यावर एकटं नाही, लग्नाकार्यात पुढं बसायचं नाही. का, तर मांडवात पडली तर लोक काय म्हणतील. बसून करायचं तेवढं काम तिचं. गल्लीतली तूर, हरभरा, मूग, सगळं निवडायला तिच्याकडं यायचं. ‘आमच्या आक्काच्या हातून खडा सुटत न्हाई बगा,’ मन्मथ म्हणाला. तो आक्कावर जीव टाकणारा होता, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्यात त्याची काही चूक नाही.

महिन्याला चार मोठ्या फिट. तीन प्रकारची औषधं घेऊनही चार. म्हणजे अभ्यासात बसत होती. मी फॉर्म भरायला घेतला. त्यात एक प्रश्न होता: ‘रुग्ण अधूनमधून शून्यात नजर लावून बसतो का, व त्या वेळी हाक मारल्यास प्रतिसाद देत नाही का?’ फिट सगळ्याच काही पाडणाऱ्या नसतात. काहींत माणूस बसल्या जागी अर्धा-एक मिनिट हरवतं, ओठ हलवतं, बोटं चाळवतं आणि परत येतं. त्याच विचारायच्या होत्या. पण हे मराठी कुठल्यातरी ऑफिसात बसून केलेलं. मी वाचून दाखवलं. मन्मथनं आक्काकडं बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाला, ‘शून्यात न्हाई ओ बगत कधी.’

मी ‘नाही’वर खूण केली. तो खोटं बोलला नव्हता. मीही खोटी खूण केली नव्हती. तरी सगळं वाटोळं तिथंच झालं आणि ते मला कळायला पुढचे सहा-सात महिने लागले.

गोळी सुरू करायच्या आधी दोन महिने नुसती डायरी लिहायची असते. त्यातला एक महिना सोयाबीन काढायचा निघाला आणि मन्मथला यायला सवड होईना. मग मीच चाकूरची बस धरली, पुढं एका जीपमध्ये कोंबून घेतलं आणि साडेसातला त्यांच्या दारात उभी राहिले. चहा झालेला नव्हता, माझं डोकं ठणकत होतं. मी हाक मारणार, तोच गुरम्मा ओठावर बोट ठेवून बाहेर आल्या.

‘शरणार्थ. बसा जरा. ध्यानात हाय ती.’

आतल्या खोलीत शिवकन्या माझ्याकडं पाठ करून बसली होती. समोर समई. डावा हात छातीच्या उंचीवर धरलेला, तळहातावर लिंग असणार, मला दिसत नव्हतं. लिंगायत घरांत पूजा अशीच करतात, तळहातावर लिंग घ्यायचं आणि त्यावर नजर ठेवायची. बाजूला तीन-चार बाया डोक्यावर पदर घेऊन गप्प बसल्या होत्या. थोड्या वेळानं शिवकन्या हलली, तशा त्या उठल्या आणि एकेक करून तिच्या पाया पडल्या. शेजारच्या सुमनबाई म्हणून होत्या, साठीच्या, त्यासुद्धा पडल्या. मला म्हणाल्या, ‘आमी जलमभर बसलाव, आमाला कुटं लागलं? हिला बसल्या बसल्या लागतंय. कानापाशी वाजवलं तरी कळत न्हाई.’

‘देवानं एका हातानं फिट दिली आन् दुसऱ्या हातानं हे दिलं,’ गुरम्मा म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

मी शिवकन्याला विचारलं, काय होतं गं ध्यानात? ती लाजली. म्हणाली, ‘पोटातून कायतरी वर येतंय. ऊन ऊन. लई गोड वाटतंय. मग मी नसते. परत येते तवा बाया पाया पडून राहिलेल्या असतात.’

मी वीस वर्षं नर्स आहे. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटणं, हे वाक्य माझ्या फॉर्ममध्ये सहाव्या पानावर छापलेलं आहे. आणि मी काय केलं? डायरी तपासली, सही केली, ज्वारीची गरम भाकरी आणि दही खाल्लं, सुकन्यानं, मन्मथच्या बायकोनं, आणखी एक वाढली तीही खाल्ली आणि बसला आले. समोरून तोंड बघितलं असतं तर कळलं असतं का? कळलंही असतं. पण खरं सांगते, देवाच्या कामात नाक खुपसायला नको म्हणून मी समोर गेलेच नव्हते.

घरातलं तिचं वजन मला त्या दिवशी समजलं. ज्या बाईला मांडवात पुढं बसू देत नव्हते, तिच्याकडं गावातल्या नव्या सुना पाया पडायला आणत होते. लेकराची परीक्षा असली की आणत होते. पडणारी शिवकन्या आणि बसणारी शिवकन्या अशा दोन बाया होत्या त्या गावात, आणि दुसरी होती म्हणून पहिलीला जगता येत होतं.

गोळी सुरू झाली. पहिल्या दोन महिन्यांत महिन्याला चारवरून एकच मोठी फिट. मी मनात म्हटलं, हिला खरी लागली. बोलायचं नसतं, पण आम्हाला वास येतो. डॉ. बिरादारही डायरी बघून नुसते हसले. शिवकन्या मात्र खाली मान घालून बसलेली.

‘काय गं, बरं वाटायला लागलं तर तोंड का पाडलंस?’

‘ध्यान लागंना झालंय, मॅडम.’

‘मला तरी कुठं लागतं? कुकरच्या शिट्ट्या मोजते मी पूजेत.’

तेवढं बोलून मी हसले. ती हसली नाही. फॉर्मवर मनःस्थितीचा रकाना होता, त्यात मी ‘थोडी उदास’ लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर आठ आठवड्यांनी ती आली. प्रत्येक वेळी पेशंटनं उरलेल्या गोळ्या परत आणायच्या असतात आणि मी त्या मोजायच्या असतात. तिच्या सोळा जास्त निघाल्या. माझं डोकंच फिरलं. एवढ्या चांगल्या डायरीची बाई, आणि सोळा गोळ्या? मी जे बोलायला सुरुवात केली ते गुरम्मा बिचाऱ्या भिंतीला टेकल्या. शिवकन्या शांत होती. म्हणाली, ‘सोमवारी घेत न्हाई मी. आइतवारी रातची आन् सोमवारी सकाळची सोडते. मग सोमवारी ध्यान लागतंय.’

मी तशीच डायरी उघडली. त्या आठ आठवड्यांत तिला दोनच मोठ्या फिट आल्या होत्या. दोन्ही सोमवारी.

गोळी घेतली की फिट जाते आणि ध्यानही जातं. गोळी सोडली की दोन्ही परत येतात. हे गणित दुसरीतल्या पोरीलाही सुटलं असतं. मी त्यांना बाहेर बसवलं आणि डॉक्टरांच्या खोलीत पेशंट असताना घुसले.

डॉ. बिरादार स्वतः लिंगायत. मी त्यांना म्हटलं, ‘तुम्ही तर त्यांच्यातले, तुम्हाला कसं सुचलं नाही विचारायचं?’ ते म्हणाले, ‘माझं लिंग घरी देव्हाऱ्यात असतं, तनुजाबाई. मी शेवटची पूजा बहिणीच्या लग्नात केली.’ चिडले नाहीत. उलट मन्मथला फोन लावून सांगितलं, पुढच्या वेळी कधी असं ध्यान लागलं तर मोबाईलवर समोरून शूट करून पाठव. आणि सोमवारच्या गोळ्या मात्र आता चुकवायच्या नाहीत, हेही सांगितलं. तरी त्या सोमवारी तिनं सोडल्याच. मन्मथनं शूट करून पाठवलं. चाळीस सेकंदांचं होतं. समईच्या उजेडात तिचं तोंड, डोळे उघडे, ओठ चघळल्यासारखे हलतात, उजव्या हाताची बोटं पदराची कड चाळवतात, मागून कुणीतरी ‘शिवा शिवा’ म्हणतंय. शेवटी ती हातानं नाक पुसते आणि इकडं तिकडं बघते. डॉक्टरांनी तीनदा बघितलं. मी एकदाच बघितलं, मला पुरे झालं.

खात्री करायची तर मेंदूचा आलेख, ईईजी, काढायला हवा, तोही ध्यान लागलेलं असताना. तिला दोन दिवस भरती केलं आणि डॉक्टरांच्या नजरेखाली गोळी थांबवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ईईजीच्या खोलीत तिनं पूजा मांडली. डोक्याला वीस तारा चिकटवलेल्या, केसांत ते चिकट मलम, आणि तळहातावर लिंग. समईला मशीनवाल्यानं नाही म्हटलं, मग मी घरून आणलेला बॅटरीवरचा दिवाळीतला दिवा ठेवला. डॉक्टर चपला बाहेर काढून आत आले. मीही काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

सात वाजून बारा मिनिटांनी ते आलं. ती तिकडं गोडव्यात असणार, आणि इकडं पडद्यावर डाव्या बाजूच्या रेघा उभ्या राहिल्या, जोरजोरानं नाचल्या आणि चाळीस सेकंदांनी झोपल्या. डॉक्टरांनी तारीख-वेळ लिहिली. मला म्हणाले, ‘तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकते ती.’

कुणाचं काय ऐकते! तोंडाळ बाई दिसली की असली कामं तिच्याच गळ्यात पडतात. पण मी सांगितलं. तिच्या केसांतलं मलम गरम पाण्यानं धुता धुता सांगितलं, कारण समोर बसून सांगायचं धाडस नव्हतं. म्हटलं, शिवकन्या, ही लहान फिट आहे. मोठीच्या आधीची. सतरा वर्षं ती येते आणि आपण कुणी ओळखली नाही. पूजा तुझी खरी, भक्ती तुझी खरी, पण ते जे वर येतं ना पोटातून, ती फिट आहे. गोळीनं ती थांबते आणि थांबायला पाहिजे, कारण प्रत्येक वेळी ती मेंदूला ओरखडते आणि एखाद्या दिवशी पूजेत पडशील, समईवर पडशील.

मी पाणी ओतत राहिले. मग ती म्हणाली, ‘म्हंजी ध्यानात मी कुणालाच बगत नव्हते?’

मी म्हटलं, तसं नाही गं. आणि पाण्याचा आणखी एक तांब्या ओतला.

तिनं त्या दिवसापासून एकही गोळी चुकवली नाही. आणि काय सांगू, ती बाई बघता बघता बदलली. तीन महिने एकही मोठी फिट नाही. चौथ्या महिन्यात चुलीपुढं बसली आणि भावाला भाकरी करून वाढली, तेव्हा गुरम्मा दाराशी उभ्या राहून बघत होत्या, हात धरायच्या तयारीत. सातव्या महिन्यात शिवकन्या चाकूरहून लातूरला एकटी बसनं आली. तिकीट मला दाखवलं. मी ते डायरीला टाचणीनं लावून ठेवलं, नियमात बसत नाही तरी. पूजा करायची, पण पाच मिनिटांत उठायची. बाया यायच्या, थोडं थांबायच्या आणि जायच्या. हळूहळू यायच्या बंद झाल्या. नव्या सुनांना कुणी आणेना. मन्मथ तिला मठात घेऊन गेला. स्वामी म्हणाले, औषध सोडू नको, पूजाही सोडू नको, ध्यान लागलं किती आणि नाही लागलं किती ते मोजायचं नसतं. मी म्हटलं, किती छान बोलले. ती म्हणाली, ‘हाव, चांगलं बोलले. पर त्यांच्या पाया पडायचं कुणी थांबवलेलं न्हाई.’

आता ऐका, कागदाचं काय झालं. डॉक्टरांनी कंपनीला कळवलं की या बाईच्या लहान फिट आधीपासून होत्या, आठवड्याला दहा-बारा, आणि गोळीनं त्या पार बंद झाल्या. मोठा फायदा होता तो. तिकडून उत्तर आलं, सुरुवातीची डायरी बंद झालेली आहे, मागं जाऊन तिच्यात काही घालता येणार नाही. गोळी सुरू झाल्यावर आल्या तेवढ्या मोजा. म्हणजे बघा, आधी शून्य, आणि गोळी सुरू झाल्यावर भरतीतली ती एक आणि सोमवारच्या काही. कागदावर असं दिसणार की गोळीनं हिला नवीनच फिट लावून दिली. मी त्या फोनवरच्या बाईला म्हटलं, अहो, पण ते ध्यान होतं. ती म्हणाली, मॅडम, ध्यान असा रकाना नाही. बरोबर होतं तिचं. खरंच नव्हता.

सव्वा वर्षानं पत्र आलं. अभ्यास बंद. सगळ्या गावांतले, सगळ्या देशांतले आकडे एकत्र केले, तेव्हा खऱ्या गोळीत आणि खोट्या गोळीत म्हणावा तसा फरक दिसला नाही. कंपनी ही गोळी पुढं करणार नाही. उरलेल्या गोळ्या अमुक तारखेपर्यंत मोजून परत पाठवाव्यात. सोबत यादी होती, कुणाला कुठली गोळी होती त्याची. शिवकन्यापुढं लिहिलं होतं, खरी.

एका बाईच्या डायरीनं सगळ्या देशांचा आकडा बदलला नसता, हे मला कळतं. मी अडाणी नाही. पण मला रात्रंदिवस एकच वाटत राहतं, असं एकाच घरात झालं असेल का? कुठं म्हणत असतील आजी आली अंगात, कुठं म्हणत असतील पोरगं विचार करतंय, कुठं नुसतंच म्हणत असतील आमच्या घरचं असंच. आणि तिथली कुणीतरी माझ्यासारखी ‘नाही’वर खूण करून भाकरी खाऊन निघाली असेल.

डॉक्टरांनी चार पत्रं लिहिली. निदान या एकीसाठी तरी गोळ्या देत राहा. दोन पत्रांची उत्तरं आली, गोड भाषेत, नाही म्हणून. ती गोळी कुठल्याच दुकानात नव्हती, कुठल्याच देशात नव्हती, विकत घ्यायची म्हटली तरी नव्हती. शेवटच्या भेटीला शिवकन्या उरलेल्या गोळ्या घेऊन आली. एकही कमी नव्हती. मी म्हटलं, अगं, दोन-चार महिन्यांच्या तरी लपवून ठेवायच्यास, म्हणायचंस हरवल्या. मी, जी सोळा गोळ्यांवरून हिच्या आईला भिंतीला लावत होते, मी असं म्हटलं. ती म्हणाली, ‘चार म्हैन्यानं परत हेच की, मॅडम.’ आणि सही केली. अक्षर तसंच, गोल.

जुन्या तीन गोळ्या परत सुरू झाल्या. डॉक्टरांनी एक बदलून बघितली, दुसरी वाढवून बघितली. ऑपरेशनसाठी मोठ्या गावी पाठवून बघितलं. तिथं सांगितलं, जागा अवघड आहे, बोलणं जाईल. पाचव्या आठवड्यात मोठी फिट आली, चुलीपुढंच. कोपरापासून मनगटापर्यंत भाजली. चूल परत बंद झाली, रस्ता परत बंद झाला. आणि लहान्या तर रोज.

मला वाटलं होतं, निदान तेवढं तरी तिला परत मिळेल. गोडवा येईल, बाया येतील. देवानं दुसरा हात परत पुढं केला असं तिला वाटेल, आणि मी गप्प बसेन. पण तिला आता माहीत झालेलं होतं. ते माहीत झालेलं मला परत काढून घेता येत नव्हतं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. अकराचा सुमार, ओपीडी भरलेली. माझ्यापुढं आता दुसऱ्याच औषधाच्या दुसऱ्याच डायऱ्या.

‘आज तीन आल्या, मॅडम. लहान्या. सकाळी पूजेत.’

‘बरं. पडली नाहीस ना?’

‘न्हाई. सुमनबाई नवी सून घेऊन आली होती. आव्वानंच बोलावलं असणार. मी परत आले तवा ती पोरगी पाया पडून राहिली होती. मी म्हणलं, बाई, उठ. ही फिट हाय. दवाखान्यात मशीनवर दिसली हाय.’

‘मग?’

‘तर सुमनबाई सुनेला म्हणाली, बग, ध्यानातली माणसं असंच बोलत्यात. आपलं मोठेपण अंगाला लावून घेत न्हाईत. आन् तिला परत एकदा पाया पडायला लावलं.’

बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं.

‘मॅडम, एक विचारू का? राग न्हाई ओ, नुसतं विचारून राहिले.’

‘विचार की.’

‘तुमी मला सांगितलं नसतं, नुसती गोळी घे म्हणलं असतं, तर चाललं नसतं का? गोळी तशीबी गेलीच.’

मला म्हणायचं होतं, तुला कळायचा हक्क होता. डॉक्टरांनीच सांगायला लावलं, हेही म्हणायचं होतं. माझं चुकलं म्हणायचं होतं, आणि चुकलं नाही असंही म्हणायचं होतं. मी म्हटलं, ‘गोळ्या वेळेवर घेतेस ना?’

‘घेते की,’ ती म्हणाली. ‘ठेवू का?’ आणि मी काहीतरी बोलेन म्हणून थांबली. शेवटी तिनंच फोन ठेवला.